सातबारावर २ हेक्टर १० आर, रोव्हर म्हणतो १ हेक्टर ९७

प्रश्न करमाळ्याकडच्या एका शेतकऱ्याचा आहे. गटाचं क्षेत्र सातबारावर २ हेक्टर १० आर (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर). हद्द कायम मोजणी, म्हणजे गटाच्या हद्दी ठरवणारी सरकारी मोजणी, रोव्हरने (उपग्रहांच्या संकेतांवरून जागा ठरवणाऱ्या, काठीवरच्या यंत्राने) झाली, तेव्हा वहिवाटीत १ हेक्टर ९७ आरच भरलं. मुलाने ऑनलाइन गटनकाशा उपग्रहाच्या फोटोवर टाकून पाहिला, तर वडिलोपार्जित विहीर शेजाऱ्याच्या गटात दिसली. त्यांचं विचारणं असं: आता ड्रोन आलं, उपग्रह आले, सगळं डिजिटल झालं, तर या नव्या नकाशांनी आमचा घोळ मिटेल का?

आधी विहिरीचं सांगतो, कारण घरातली झोप तिनेच उडवली असणार. विहीर बहुधा कुठेही गेलेली नाही. ऑनलाइन दिसतो तो जुना गावनकाशा स्कॅन करून, त्यावरच्या रेघा गिरवून, मग चार-सहा ओळखीच्या खुणा धरून पृथ्वीवर 'बसवलेला' असतो. मूळ नकाशा काढणाऱ्याने अक्षांश-रेखांश कधी पाहिलेच नव्हते. त्याचा नकाशा म्हणजे हवेत तरंगणारी चौकट, आतून बरोबर पण जगाच्या नकाशावर नेमकी कुठे, ते न सांगणारी. त्यात ते कापड आणि कागद शंभर वर्षं दप्तरात राहिलेले, घड्यांवर ताणलेले, दमटपणाने आखडलेले. आणि गावनकाशाचं प्रमाण असं बारीक, की शाईची एक रेघच जमिनीवर दोन-चार मीटर रुंद भरते. खालचा उपग्रहाचा फोटोही काही मीटरने सरकलेला असू शकतो, आणि बांधावर उभं राहून मोबाईल पाहिलात तर त्याची चूक आणखी तीन-पाच मीटरची. एवढ्या चुका एकावर एक रचल्यावर विहीर शेजाऱ्याकडे गेली तर नवल ते काय? त्या चित्रावरून शेजाऱ्याशी बोलणं टाकू नका. गेल्या काही वर्षांत नुसत्या मोबाईलवरच्या नकाशामुळे सुरू झालेली भांडणं मी डझनभर तरी पाहिली आहेत.

आता कमी भरलेले तेरा आर. ती खरी गोष्ट आहे.

मी अकरा वर्षं भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा सरकारी कर्मचारी, होतो, पुढे नकाशे संगणकावर चढवण्याच्या कामात गेलो. दोन्हीकडचं पाहिल्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगतो: जुन्या मोजणीवर लोक समजतात तेवढा अविश्वास ठेवायचं कारण नाही. मुंबई इलाख्याची ही मोजणीपद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात बसवायला घेतली. त्याआधी प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेला मोजणीचा प्रयोग फसला होता. साधनं काय, तर ३३ फुटी साखळी, काटकोन पाहायला शंकू, आणि चिकाटी. साखळीचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेताच्या मधून एक रेघ धरायची, तिच्या डाव्या-उजव्या हाताला काटकोनात प्रत्येक कोपऱ्याचं अंतर घ्यायचं आणि ते आकडे जागच्या जागी कच्च्या आकृतीवर लिहायचे. ती आकृती म्हणजे टिपण. त्याचे त्रिकोण-चौकोन पाडून क्षेत्र काढलं ते गुणाकार बुकात. गावनकाशा या टिपणांवरून नंतर जोडलेला आहे. म्हणजे गावनकाशा ही अनुक्रमणिका आणि टिपण हा ग्रंथ. डिजिटायझेशनच्या घाईत बऱ्याच ठिकाणी अनुक्रमणिकाच आधी संगणकात गेली आणि लोकांना तोच ग्रंथ वाटला.

एक प्रसंग सांगतो. माण तालुक्यात एका गटाची मोजणी. टिपणावर शिवेच्या दगडापासून गटाचा कोपरा १२ साखळी ८ आणे. हिशेब करा: साडेबारा गुणिले ३३, म्हणजे ४१२ फूट ६ इंच, मीटरमध्ये १२५.७३. रोव्हरने तेवढं अंतर मोजून काठी टेकवली तर समोर बाभळीचं खोड. दगड कुठेच नाही. दोन्हीकडची माणसं आवाज चढवायला लागली. तेवढ्यात एक म्हातारबाबा म्हणाले, "दगुड हितंच व्हता. माज्या बानं त्येच्या अंगालाच बाभळ लावली." टिकाव आणला. अर्ध्या तासाने मुळांच्या कवेतून दगड निघाला, रोव्हरच्या काठीपासून दीड वीत. शंभर वर्षांपूर्वी उन्हात लोखंडी साखळी ओढणाऱ्या माणसाची चूक एवढी. त्या दिवसापासून मी टिपण पाहिल्याशिवाय कुठल्याही संगणकी नकाशावर सही केलेली नाही.

मग तुमचे तेरा आर गेले कुठे? प्रत्येक गटाला तीन क्षेत्रं असतात, आणि तुम्ही त्यातली दोनच पाहिलीत. एक कागदावरचं, म्हणजे सातबारा आणि त्यामागचा आकारबंद (प्रत्येक गटाचं क्षेत्र आणि आकार नोंदवणारी मूळ नोंदवही). दुसरं नकाशातलं, म्हणजे टिपणातल्या मापांनी जी चौकट बनते तिचं. तिसरं जागेवरचं, वहिवाटीचं. तुमच्याकडे पहिलं २.१० आणि तिसरं १.९७ आहे. मधलं कुणी सांगितलंच नाही, आणि निकाल त्याच्यावरच आहे. नकाशातली चौकटही २.१० भरत असेल, तर बांध सरकलेत. ती १.९७ च भरत असेल, तर तुमची जमीन कुणी घेतलेली नाही. सातबारावरचा आकडा चुकीचा चढला आहे आणि शेजारी निर्दोष आहे. दोन्हींचे मार्ग अगदी वेगळे. पहिल्यात अतिक्रमणाचा वाद, दुसऱ्यात अभिलेख दुरुस्ती. लोक दुसऱ्या रोगाला पहिलं औषध घेतात आणि कोर्टात वीस वर्षं घालवतात.

एकर-गुंठ्याचं हेक्टर-आर करताना घोळ झाला असेल का, अशी शंका अनेकांना येते. पडताळून पाहू. २ हेक्टर १० आर म्हणजे जुन्या मापात साधारण ५ एकर ८ गुंठे. २०८ गुंठ्यांचे २१०.४ आर होतात. म्हणजे रूपांतरात फरक पडलाच तर तो अर्ध्या आराच्या आतला. तिथे चोर नाही.

बांधाचा हिशेब मात्र करून पाहण्यासारखा आहे. धरा, तुमचा गट २१० मीटर लांब, १०० मीटर रुंद. दोन्ही लांब बाजूंनी बांध तीन-तीन मीटर आत आला, तर १२.६ आर जातात, तुमच्या आकड्याच्या अगदी जवळ. आणि तीन मीटर चाळीस वर्षांत म्हणजे वर्षाला साडेसात सेंटिमीटर, नांगराने ओढलेल्या एका तासाच्या रुंदीइतकंही नाही. बांध कोरणारा माणूस दरवर्षी स्वतःलाही सांगू शकतो की मी काही केलं नाही. ट्रॅक्टर आल्यावर तर हे नकळतही होतं. हेच झालंय असं मी म्हणत नाही. ओढ्याने काठ खाल्ला, रस्ता रुंद झाला, कॅनॉलच्या चारीला जमीन गेली आणि कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल अभिलेखात नोंदवणारं पत्रक) झालंच नाही, असंही असतं. चारी आणि रस्ता हे दोन संशयित आधी तपासा.

यात आणखी एक थर आहे, एकत्रीकरणाचा. १९४७ च्या कायद्याखाली तुकडे जोडून गट पाडले, सर्व्हे नंबर गेले, गट नंबर आले. बऱ्याच गावांत ते काम कागदावरच जुळवलेलं आहे, सगळं शेत नव्याने मोजून नव्हे. म्हणून गटाचं मूळ शोधायचं तर ज्या जुन्या सर्व्हे नंबरांतून तो बनला त्यांची टिपणं आणि फाळणी (सर्व्हे नंबरचे हिस्से पाडताना झालेली मोजणी) पाहावी लागते, आणि एकत्रीकरण योजनेच्या ९(३), ९(४) या पत्रकांचा उतारा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त गूढ या उताऱ्यातच उकलतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. नवं तंत्र यात काय करतं?

करतं ते असं. पूर्वी प्रत्येक मोजणीला सुरुवातीची खूण शोधावी लागे. एक मापक शिवेचा दगड धरायचा, दुसरा ओढ्याचं वळण, तिसरा मारुतीचं देऊळ. म्हणून तीन मोजण्यांत तीन हद्दी निघायच्या आणि लोक म्हणायचे, मोजणीवाल्याने पैसे खाल्ले. कधी खाल्लेही असतील, पण बहुतेक वेळा सुरुवातच वेगळी असायची. आता भारतीय सर्वेक्षण विभागाची कायमस्वरूपी संदर्भ केंद्रं आहेत, आपण त्यांना कॉर्स म्हणतो. महाराष्ट्रात ती ७७ आहेत. ती चोवीस तास उपग्रहांचे संकेत घेतात आणि त्या संकेतांतल्या चुकांची दुरुस्ती मोबाईल नेटवर्कवरून रोव्हरला पाठवतात. त्यामुळे मोकळ्या रानात रोव्हरचा बिंदू दोन-तीन सेंटिमीटरच्या आत येतो, आणि दहा वर्षांनी दुसरा मापक दुसरं यंत्र घेऊन आला तरी त्याच जागी येतो. दगड कुणी उपटला तरी तो बिंदू उपटता येत नाही. हा फायदा फार मोठा आहे, आणि माझ्या मते खरा फायदा हाच.

पण 'मोकळ्या रानात' हे शब्द सोडू नका. रोव्हरच्या पडद्यावर एक शब्द येतो, फिक्स. तो नसेल तेव्हा फ्लोट येतो. फिक्स म्हणजे सेंटिमीटर, फ्लोट म्हणजे अर्धा-एक मीटर, कधी जास्त. डोक्याएवढ्या उसात, केळीच्या बागेत, चिंचेखाली फ्लोट येतो. घाईतला माणूस फ्लोटवरच बटण दाबतो, नकाशा मात्र तितकाच सुबक छापून येतो. तुमची मोजणी कोणत्या महिन्यात झाली? बांधाला ऊस उभा होता का? मोजणीच्या वेळी मापकाच्या खांद्यामागे उभं राहून प्रत्येक कोपऱ्याला "फिक्स आलं का?" विचारायला काही लाजायचं कारण नाही. चांगला मापक रागावत नाही, उलट पडदा वळवून दाखवतो.

एक तांत्रिक गंमत सांगून जातो, कारण तुमचा मुलगा संगणकावर क्षेत्र काढत असणार. गोल पृथ्वी सपाट पडद्यावर आणताना जी यूटीएम पद्धत वापरतात, ती पृथ्वीचे उभे पट्टे पाडते, आणि प्रत्येक पट्ट्याच्या मधल्या रेखांशावर लांबी मुद्दाम ०.९९९६ पट धरलेली असते. आपला मधला रेखांश ७५ अंश, आणि करमाळा त्याच्या अगदी शेजारी. त्यामुळे पडद्यावर काढलेलं क्षेत्र हेक्टरमागे सुमारे ८ चौरस मीटर कमी दिसतं. तुमच्या गटात ते १७ चौरस मीटर, म्हणजे तेरा आराचं कोडं याने सुटत नाही. पण ८०० हेक्टरच्या गावाला तेच ६४ आर होतात, आणि मग गावाची बेरीज जुळत नाही म्हणून कुणीतरी रात्र जागवतो. विदर्भात तर ७८ अंशाला पट्टाच बदलतो. यवतमाळ शहर त्या रेषेच्या किंचित पूर्वेला आणि जिल्ह्याचा पश्चिम भाग अलीकडे, म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन पट्टे. दोन तालुक्यांचे नकाशे जोडताना हे विसरलं की काय होतं, ते ज्याने भोगलं त्यालाच माहीत. आणि हो, भारताचा अख्खा भूखंड ईशान्येकडे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो आहे. बांध, विहीर, शेजारी, सगळे एकत्रच सरकतात म्हणून भांडण नाही. पण कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश कोणत्या वर्षाचे ते लिहून ठेवलं नाही, तर वीस वर्षांनी सगळा गाव एक मीटर हललेला दिसेल. तारखेशिवायचा अक्षांश-रेखांश अर्धवट समजा.

ड्रोनबद्दल. शेतजमिनीच्या हद्दी ठरवायला ड्रोन आला असा समज पसरलाय. त्याचं मुख्य काम गावठाणात आहे. शेतीला सातबारा होता, पण गावठाणातल्या घराला बहुतेक गावांत ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदीशिवाय काहीच नव्हतं. महाराष्ट्रात याचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला. पुढे २४ एप्रिल २०२० ला देशभरासाठी स्वामित्व योजना आली, आणि त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला सहा राज्यांतल्या ७६३ गावांत पहिल्या मिळकत पत्रिका वाटल्या, त्यात आपली १०० गावं होती. पद्धत मला आवडते, कारण तिच्यात चुना आहे. उड्डाणाच्या आधी घरमालकांनी शेजाऱ्यासमोर हद्दीवर चुन्याची रेघ मारायची. वरून ड्रोनला ती दिसते आणि १:५०० चा नकाशा बनतो. खरं सर्वेक्षण त्या चुन्याच्या वेळीच होतं, ड्रोन फक्त फोटो काढतो. कोकणात किंवा दाट गावठाणात ड्रोनला भिंत दिसतच नाही, दिसते ती वळचण. दोन घरांच्या पागोळ्या एकमेकांवर आलेल्या, मधली भिंत सामाईक, अंगणावर फणस. तिथे टेप घेऊन माणसालाच जावं लागतं, आणि गेलं नाही तर पागोळीला हद्द ठरवलेली पत्रिका हातात येते. शहरांसाठी २०२५ मध्ये नक्शा नावाचा कार्यक्रम १५२ नगरांत सुरू झाला आहे, तिथेही अडचण हीच राहणार.

आणि आता जिथे सगळे नकाशे हात टेकतात ते ठिकाण. समजा तुमच्या २.१० मध्ये चार भाऊ आहेत. वाटणीचा फेरफार झाला, प्रत्येकाच्या नावावर साडेबावन्न आर चढले. तलाठ्याचं काम झालं. पण पोटहिस्सा मोजणी, म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा जागेवर मोजून नकाशात वेगळा दाखवणं, कुणी केलीच नाही. सातबारावर चार नावं, चार क्षेत्रं. नकाशात एकच चौकट. कोण उत्तरेला, कोण विहिरीकडे, हे फक्त घरातल्यांना ठाऊक, आणि तेही वडील आहेत तोवर. आता प्रत्येक भूखंडाला भू-आधारचा चौदा अंकी क्रमांक मिळतो आहे, तो नकाशातल्या चौकटीला. चौकट फुटलेली नसेल तर क्रमांक एकच मिळणार. मग थोरल्याने त्याचा हिस्सा विकला, तर खरेदीखतात क्षेत्र येईल आणि 'पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक' अशी चतुःसीमा येईल, पण जमिनीचा तो तुकडा कुठल्याही सरकारी नकाशात नसेल. दस्त नोंदवणारा अधिकारी नकाशाशी ताडून पाहत नाही, आपली नोंदणी दस्ताची असते, मालकीची नव्हे. सातबारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा, हाही गैरसमज. जमीन महसूल संहितेचं कलम १५७ एवढंच म्हणतं की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावी. इंग्रजांना सारा वसूल करायचा होता, मालक कोण हे ठरवायचं नव्हतं. त्या महसुलाच्या वहीवर आपण आता सेंटिमीटरचा नकाशा चढवतो आहोत, आणि नकाशा नेमका झाला म्हणून वही आपोआप खरी होत नाही. मला विचाराल तर राज्याने ड्रोनवर खर्च केलेल्या दर रुपयामागे एक रुपया पोटहिस्सा मोजणीवर खर्च करावा. पण त्यात उद्घाटनाला उडवण्यासारखं काही नसतं.

तर तुम्ही काय करावं. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर हातात मिळालेला नकाशा, पुन्हा नीट पाहा. त्यावर अभिलेखाची हद्द आणि वहिवाटीची हद्द वेगवेगळ्या रेघांनी दाखवलेली असते. पहिल्या रेघेच्या आतलं क्षेत्र किती, ते लेखी मागा. तेच तुमचं हरवलेलं मधलं क्षेत्र. कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश त्यावर नसतील तर तेही मागा. आकारबंद, ९(३)-९(४) चा उतारा, जुन्या सर्व्हे नंबरचं टिपण, फाळणी आणि गुणाकार बुक यांच्या नकला उप अधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून काढा. टिपण जीर्ण आहे म्हणून देता येत नाही असं सांगितलं, तर ते स्कॅन झालंय का, हे विचारा. शिवाय चारही लगतच्या गटांचे सातबारे घ्या आणि त्यांची जागेवरची क्षेत्रं अंदाजाने ताडा. तुमच्याकडे तेरा कमी असतील आणि एखाद्याकडे अकरा-बारा जास्त, तर दिशा कळली. कुणाकडेच जास्त नसेल, तर चूक वहीत आहे. वहीतली चूक नुसती लेखनाची असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज, एकत्रीकरणातली असेल तर भूमी अभिलेख खात्याकडे. अभिलेखाची हद्दच चुकीची दाखवली असं टिपणावरून दिसत असेल, तर निमताना मोजणी (झालेल्या मोजणीची वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी) मागा, आणि अर्जात टिपणातली कोणती मापं जुळत नाहीत ते साखळी-आण्यात लिहा. नुसतं 'मोजणी मान्य नाही' असं लिहिलेल्या अर्जाला कुणी वजन देत नाही.

आणि अर्ज आत्ता टाकला तरी मोजणीची तारीख ऊस तुटून गेल्यावरची, पण वळवाच्या आधीची मिळेल असं पाहा. त्या दिवशी शेजाऱ्याला नोटिशीखेरीज स्वतः जाऊन सांगा, आणि गावातला सगळ्यात म्हातारा माणूस बांधावर आणून बसवा.